शेवटचा अर्धा लिटर

ज्या तापमानाला एखाद्या द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेण्याइतकी साठते, त्याला त्या द्रवाचा फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. म्हणजे महाबळेश्वरची पहाट असो की द्रासमधला जानेवारी, उघड्यावर आलेलं पेट्रोल पेटायला कायम तयार असतं. डिझेलचं तसं नाही. त्याचा फ्लॅश पॉइंट ३५ अंशांच्या वर असतो, त्यामुळे साध्या तापमानाला डिझेलच्या थारोळ्यात काडी पडली तरी ती बहुधा विझते. आपल्याकडच्या १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेली तेलं सर्वांत धोकादायक वर्गात, म्हणजे 'अ' वर्गात, घातली आहेत. पेट्रोल त्यात येतं. देशभरातल्या पेट्रोल पंपांच्या सुरक्षेचे नियम आणि परवाने बघणारी केंद्रीय संस्था, 'पेसो', हिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

पेट घेते ती वाफ, द्रव नव्हे. ही गोष्ट एकदा नीट कळली की पंपावरचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप सुचतात. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ती पेटत नाही, ७.६ टक्क्यांच्या वर गेली तरी पेटत नाही, कारण मग प्राणवायू पुरत नाही. या दोन आकड्यांच्या मधला पट्टा धोक्याचा. एक लिटर पेट्रोल पूर्ण उडून गेलं तर त्याची दोनशे लिटरच्या आसपास वाफ होते. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत अठ्ठावीस हजार लिटर हवा मावते. तेव्हा बंद खोलीत सांडलेलं दोन लिटर पेट्रोल ती अख्खी खोली पेटण्याजोगी करायला पुरतं. प्रत्यक्षात त्याहून कमीही पुरेल, कारण ही वाफ हवेपेक्षा तीन ते चारपट जड असते. ती वर जाऊन विरत नाही. जमिनीलगत पसरते, उतार धरते, गटारात, तळघरात, गॅरेजच्या खड्ड्यात जाऊन बसते. ठिणगी पाच-दहा फुटांवर पडली तरी आग वाफेच्या वाटेने उलटी चालत सांडलेल्या जागेपर्यंत येते.

पंप उघड्यावर असतो, वारा असतो, म्हणून रोज लाखो गाड्या भरल्या जाऊनही सहसा काही होत नाही. पण या 'सहसा'च्या भरवशावर आपण एक सवय लावून घेतली आहे आणि हे प्रकरण मुख्यतः त्या सवयीबद्दल आहे.

त्यासाठी आधी नोझल कसं काम करतं ते पाहायला हवं. टाकी भरली की नोझल 'खट्' करून बंद पडतं, हे सर्वांनी ऐकलेलं असतं. अनेकांना वाटतं की यात काही इलेक्ट्रॉनिक सेन्सर असावा. तसं काही नसतं. नोझलच्या तोंडाशी, आतल्या बाजूला, एक बारीक भोक असतं. त्यातून एक अरुंद नळी मुठीपर्यंत गेलेली असते. मुठीत पेट्रोलची वाट एका ठिकाणी मुद्दाम निमुळती केलेली असते. तिथून पेट्रोल जोरात जाताना आजूबाजूचा दाब कमी होतो. रस्त्याच्या कडेला उभं असताना शेजारून भरधाव एसटी गेली की आपण तिच्याकडे ओढले गेल्यासारखे होतो, तोच हा प्रकार. या कमी दाबामुळे तोंडाशी असलेल्या भोकातून हवा सतत आत ओढली जाते. टाकीतली पातळी वाढत त्या भोकापर्यंत आली की हवेची वाट बुजते. नळीतला दाब एकदम उतरतो, मुठीतला पातळ पडदा खेचला जातो, खटका सुटतो आणि झडप मिटते. वीज नाही, चिप नाही, सगळं काम हवेच्या दाबावर.

म्हणजे नोझलला टाकी दिसत नाही. त्याला फक्त आपलं टोक बुडालं की नाही एवढंच कळतं. टोक टाकीच्या तोंडात नीट आत गेलेलं असेल तरच त्याचा इशारा खरा. आणि एकदा खट् झाल्यावर मूठ पुन्हा दाबली तर त्या यंत्रणेला काम करायला जागाच उरलेली नसते, कारण टोक आधीच पातळीजवळ आहे. पेट्रोल उसळून तोंडातून बाहेर येतं ते इथेच.

आता आपली सवय. 'दादा, फुल करा' म्हटल्यावर टाकी भरते, खट् होतं, आकडा असतो चारशे सत्त्याऐंशी. पंपावरचा माणूस विचारतो, 'साहेब, पाचशे करू?' आपण मान हलवतो. मग तो नोझल थोडं वर उचलतो, हळूहळू मूठ दाबत राहतो, टाकीच्या तोंडाशी पेट्रोल दिसायला लागतं, आणि आपण दोघं मिळून तेरा रुपयांचं पेट्रोल भरलेल्या टाकीत बसवायचा प्रयत्न करतो. ही पद्धत सुट्ट्या पैशांच्या टंचाईतून आली. तेव्हा तिला काही अर्थ होता. आता बहुतेक जण फोनवरून पैसे देतात आणि तिथे ४८७ रुपये नेमके देता येतात. कारण संपलं, सवय उरली. माझ्या मते भारतातल्या पंपांवर जेवढं पेट्रोल सांडतं त्यातला मोठा वाटा या राउंड फिगरचा आहे. त्यात फसवणूक कोणाची नाही, दोघांचाही हेतू चांगला असतो, आणि म्हणूनच ही सवय सुटत नाही. मीटरमधून गेलेल्या प्रत्येक थेंबाचे पैसे आपणच देतो, मग तो टाकीत पडो की फरशीवर.

याहून गंभीर गोष्ट दुचाकीची. २०१४ साली जाहीर झालेल्या एका सरकारी पाहणीनुसार देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी सुमारे साठ टक्के दुचाकींच्या टाक्यांत जातं. नोझलची ती हुशार यंत्रणा मात्र मोटारीच्या लांब, खोल नळीला शोभणारी. मोटारसायकलची टाकी उथळ असते, तोंड वरच असतं. त्यामुळे कर्मचारी नोझल तोंडावर धरून अंदाजाने, डोळ्यांनी पातळी बघत भरतो. टोक बुडतच नाही, मग खट् कुठून होणार? तिथे सगळी भिस्त त्या माणसाच्या नजरेवर, आणि मागे हॉर्न वाजत असतात. म्हणून दुचाकीवाल्याने 'काठोकाठ' हा शब्द उच्चारूच नये. बहुतेक टाक्यांच्या तोंडाखाली एक पत्र्याची पट्टी किंवा कडा असते. पेट्रोल तिच्या खाली राहिलं पाहिजे. रुपये किंवा लिटर आधी सांगून यंत्रावर तेवढंच लावायला सांगितलं तर आणखी चांगलं, फक्त टाकीत तेवढी जागा आहे याचा अंदाज हवा.

आणि गाडीवरून उतरावं. हे मी आग्रहाने लिहितो आहे. सीटवर बसून, टाकी मांड्यांमध्ये धरून पेट्रोल भरून घेणारे हजारो लोक रोज दिसतात. मागे बायको, पुढे टाकीवर लहान मूल. पेट्रोल उसळलं तर ते आधी पँटवर आणि मुलाच्या कपड्यांवर पडतं, मग खाली तापलेल्या इंजिनावर. कपड्यांत मुरलेलं पेट्रोल पेटलं तर ते झटकता येत नाही. उतरून, गाडी स्टँडवर लावून, दोन पावलं बाजूला उभं राहिलं तर तेच सांडणं नुसतं सांडणं राहतं. सीटखाली टाकी असलेल्या स्कूटरमध्ये ओघळलेलं पेट्रोल थेट इंजिनाच्या बाजूला उतरू शकतं. असं काही झालं तर तिथेच बटन मारू नका. सेल्फ-स्टार्टर ही वाफेच्या मधोमध पाडलेली ठिणगी असू शकते. झाकण लावा, सांडलेलं पुसून घ्या, गाडी ढकलत लांब न्या, थोडा वेळ जाऊ द्या.

काठोकाठ न भरण्याला दुसरंही कारण आहे. पेट्रोल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण हजारात एक भाग. पंपाची टाकी जमिनीखाली, तुलनेने थंड असते. तिथून चाळीस लिटर घेऊन गाडी अकोल्याच्या मे महिन्यातल्या उन्हात उभी केली आणि पेट्रोल पंधरा अंशांनी तापलं, तर ते अर्ध्या लिटरहून अधिक वाढतं. गाडी बनवणारे त्यासाठी वर जागा राखून ठेवतात. ती जागा आपण भरली तर वाढलेलं पेट्रोल कुठेतरी वाट काढणारच. हल्लीच्या गाड्यांत टाकीतली वाफ कोळशाने भरलेल्या एका डब्यात शोषून पुन्हा इंजिनाकडे पाठवली जाते. तो डबा वाफेसाठी असतो. ओतून-ओतून भरल्यावर द्रव पेट्रोलच त्यात शिरलं तर तो खराब होतो आणि खर्च आपल्या बोकांडी बसतो.

मात्र दर उन्हाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो निरोप, की टाकी पूर्ण भरली तर गरमीने स्फोट होतो, अर्धीच भरा, असा इंडियन ऑइलचा इशारा आहे, तो खोटा आहे. कंपनीने स्वतः तसा खुलासा केला आहे: उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत टाकी कोणत्याही ऋतूत भरायला हरकत नाही. टाकीच्या आत पेट्रोलच्या वर वाफ इतकी दाट असते की ती बहुधा पेटण्याच्या पट्ट्याच्या वर राहते. शिवाय ठिणगीविना आपोआप पेटायला पेट्रोलच्या वाफेला अडीचशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमान लागतं. उन्हात उभ्या गाडीची टाकी तिथपर्यंत जात नाही. तेव्हा अर्धी टाकी ठेवायची गरज नाही. पहिल्या खटक्यावर थांबण्याची आहे.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पंपावरचा माणूस भरून देतो. अमेरिकेत चालकाने स्वतः उतरून भरायचं असतं. अपवाद न्यू जर्सीचा. तिथे १९४९ पासून कायद्यानेच ग्राहकाला स्वतः पेट्रोल भरायची मनाई आहे. ओरेगनमध्येही १९५१ पासून अशी बंदी होती, ती २०२३ मध्ये उठली. एडिसनच्या आसपास राहणारी आपली मराठी मंडळी त्यामुळे गाडीत बसून राहू शकतात, पण राज्याची हद्द ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेली की नोझल हातात घ्यावंच लागतं. तिथल्या थंडीत एक वेगळाच धोका असतो, स्थिर विजेचा. कोरडी हवा, अंगात लोकरी स्वेटर, खाली कापडी सीट. माणूस नोझल लावून, मुठीची खिट्टी अडकवून, थंडीमुळे परत गाडीत जाऊन बसतो. भरणं झालं की सीटवरून सरकत उतरतो आणि अंगावर काही हजार व्होल्टचा भार घेऊन नोझलला हात लावतो. त्याच जागी, टाकीच्या तोंडाशी, वाफ असते. पेट्रोलची वाफ पेटवायला चौथाई मिलिजूल ऊर्जा पुरते. आपल्या बोटाला जेमतेम जाणवणाऱ्या ठिणगीत त्याच्या दुपटीहून अधिक ऊर्जा असते.

तिथल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेने पंपावरच्या अशा दीडशेहून अधिक आगींच्या नोंदी गोळा केल्या. त्यांतल्या जवळपास निम्म्या घटनांत माणूस भरण चालू असताना गाडीत जाऊन परत आलेला होता. मोबाईलमुळे आग लागल्याचं मात्र एकाही घटनेत सिद्ध झालं नाही. त्यामुळे फोनच्या लहरींनी पंप पेटतो ही भीती आपण सोडून द्यायला हरकत नाही. फोन खिशात ठेवण्याचा नियम तरीही पाळावा, कारण बोलणाऱ्याचं लक्ष नोझलवर नसतं. पैसे देण्यासाठी फोन काढायचा तो नोझल जागेवर टांगल्यानंतर, चार पावलं बाजूला जाऊन. परदेशी असलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं: भरून होईपर्यंत गाडीत परत बसू नका, आणि बसलातच तर नोझलला हात लावण्याआधी दाराच्या उघड्या पत्र्याला, टाकीच्या तोंडापासून दूर, स्पर्श करा.

स्थिर वीज आपल्याकडे फारशी नाही असं वाटेल. कोकणातल्या दमट हवेत ती खरोखरच टिकत नाही. पण विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ती असते, आणि तिची गाठ पडते कॅनशी. ग्रास कटर, फवारणीचा पंप, जनरेटर, यांसाठी शेतकऱ्याला सुटं पेट्रोल लागतंच, ती गरज खोटी नाही. धोका आहे तो प्लॅस्टिकच्या बाटलीत किंवा खाद्यतेलाच्या जुन्या कॅनमध्ये ते घेण्यात. अशा भांड्यांत पेट्रोल द्यायला परवानगी नसते. प्लॅस्टिकवर साचलेला भार वाहून जात नाही. त्यातच कॅन पिकअपच्या हौद्यात, रबरी चटईवर ठेवलेला असेल तर जमिनीशी संबंध पूर्ण तुटतो. कॅन पेट्रोलसाठी मान्यता असलेला घ्यावा, तो खाली जमिनीवर ठेवावा, नोझल त्याच्या तोंडाला टेकलेलं असावं, धार सावकाश सोडावी आणि वर थोडी जागा राहू द्यावी. घरी आणल्यावर तो स्वयंपाकघराच्या, देवघराच्या आसपास नको. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर मुळीच नको, कारण मुलं ती तोंडाला लावतात.

याच्याच जवळची आणखी एक रीत गावोगाव आहे: गाडी बंद पडली की दुसऱ्याच्या टाकीत नळी घालून तोंडाने पेट्रोल ओढणं. पेट्रोल पोटात गेल्यापेक्षा फुप्फुसात गेलेलं फार वाईट. घोटभर पेट्रोलने ठसका लागला तरी त्याचा अंश श्वासनलिकेत उतरून न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो. कोणी असं गिळलं असेल तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. उलटीबरोबर ते पुन्हा वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. सरळ दवाखाना गाठा. नळी वापरायचीच असेल तर हाताने दाबायच्या रबरी फुग्याची मिळते, स्वस्तही असते.

सांडलंच तर? पंपावर लाल बादल्यांत वाळू भरून ठेवलेली असते, ती याचसाठी. सांडलेल्यावर वाळू टाकायला सांगा. पाण्याची बादली ओतणं सर्वांत चुकीचं. पेट्रोल पाण्यात विरघळत नाही, त्यावर तरंगत गटारात जातं आणि धोका फक्त नजरेआड होतो. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात एप्रिल १९९२ मध्ये गंजलेल्या पाइपलाइनमधून पेट्रोल झिरपून भुयारी गटारांत साचलं होतं. दोन-तीन दिवस लोक वास येतो म्हणून तक्रार करत होते. २२ तारखेला सकाळी स्फोटांची मालिका झाली, कित्येक किलोमीटरचे रस्ते फाटले आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. पंपावरच्या तांब्याभर पेट्रोलाने असं होणार नाही, पण गटारात पेट्रोल सोडू नये हे कळायला हे एक उदाहरण पुरे.

अंगावर उडालं तर कपडे पाण्याने भिजवून मगच काढा, कातडी साबणाने धुवा; डोळ्यांत गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा. ते कपडे घालून घरी जाऊन गॅसपाशी उभे राहू नका, सिगारेट तर नकोच. भरताना टाकीच्या तोंडाशी ज्वाळा दिसली तर नोझल ओढून बाहेर काढायचं नाही. माणूस घाबरून नेमकं तेच करतो, आणि पेटतं पेट्रोल चोहीकडे उडतं. मूठ सोडा, नोझल आहे तिथेच राहू द्या, लांब पळा, ओरडून पंप बंद करायला सांगा. बाकीचं काम पावडरच्या अग्निशामकाचं आणि तो वापरायला शिकलेल्यांचं.

डिझेलबद्दल थोडंच सांगतो. ते सहज पेटत नाही म्हणून लोक सांडू देतात. पण ते उडूनही जात नाही. त्याला फेस येतो, त्यामुळे खटका लवकर पडतो आणि 'अजून जागा आहे' म्हणून वर ओतलं जातं. काठोकाठ भरलेला ट्रक वळणावर ते सांडत जातो, आणि मागून येणारा दुचाकीवाला त्या तवंगावर घसरतो.

सांडलेल्या पेट्रोलचं पुढे काय होतं? बरंचसं उडतं, काही काँक्रीटमध्ये मुरतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अंदाज मांडला की नेहमीच्या एका पंपावर थेंबाथेंबाने दहा वर्षांत सुमारे पंधराशे लिटर सांडतं. ते काँक्रीटमधून खाली, पुढे भूजलापर्यंत जाऊ शकतं. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था बेंझिनला माणसात कर्करोग घडवणारं म्हणते; रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. आपल्या बीएस-सहा पेट्रोलमध्ये ते एक टक्क्यापर्यंत असू शकतं. आपण पंपावर पाच मिनिटं थांबतो. नोझल धरणारा मुलगा किंवा ताई तिथे आठ-दहा तास उभी असते, बहुतेकदा हातमोज्यांशिवाय, आणि खटक्यानंतर ओतलेल्या प्रत्येक थेंबाची वाफ आधी त्यांच्या नाकाशी येते. पुढच्या वेळी 'फुल करा' म्हणाल तेव्हा त्याला एवढं जोडा: 'कट झालं की थांबा, जेवढे झाले तेवढेच देतो.'